सर्व्हरचा पिवळा दिवा बघतो कोण?

मोशीतून पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालेला सुट्या भागांचा टेम्पो उशिरा पोहोचला की दोष वाहतूक कोंडीला दिला जातो. पण कधी तो गेटच्या आतच उभा असतो. माल तयार, चालक तयार. ईआरपीचा सर्व्हर बंद पडल्याने बिल मात्र निघत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना आपसातील व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. त्यामुळे सर्व्हरही आता लेथ किंवा व्हीएमसीइतकाच उत्पादनाचा भाग झाला आहे.

'रॅस' म्हणजे काय?

चांगल्या सर्व्हरच्या माहितीपत्रकात हा शब्द दिसतो. त्यात तीन गोष्टी येतात.

रिलायबिलिटी : चूक टाळणे, झालीच तर पकडणे. ईसीसी मेमरी ६४ बिट माहितीसोबत ८ जादा बिट ठेवते. एक बिट बिघडला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन बिघडले तर इशारा देते.

अव्हेलेबिलिटी : एक भाग गेला तरी काम चालू राहणे. त्यासाठी दोन पॉवर सप्लाय आणि 'रेड' पद्धतीने जोडलेल्या डिस्क असतात. ९९ टक्के उपलब्धता ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ तास.

सर्व्हिसेबिलिटी : बिघाड कुठे आहे हे लगेच कळणे आणि सर्व्हर चालू ठेवून तो भाग बदलता येणे.

खरी चूक कुठे होते?

आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टींवर पैसे खर्च होतात, तिसरीकडे दुर्लक्ष होते. रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम सुरू राहते, आणि धोका नेमका तिथेच आहे. कुलूपबंद खोलीत पिवळा दिवा लुकलुकत राहतो, कुणी पाहत नाही. मग दुसरी डिस्क जाते आणि सगळेच जाते. कुठे दोन पॉवर सप्लाय एकाच यूपीएसला जोडलेले असतात. मग दोन असून उपयोग काय?

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथल्या उद्योजकांना पाठ आहे. यंत्रांची कामे ते त्या दिवशी उरकतात. सर्व्हरलाही तीच शिस्त हवी. इशारा कुणाच्या मोबाइलवर येतो? जादा डिस्क कपाटात आहे का? दुरुस्तीचा माणूस किती तासांत येईल, हे करारात लिहिले आहे का?

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. अशा हल्ल्यात रेडमधल्या सगळ्याच डिस्कवरची माहिती कुलूपबंद होते. तिथे वेगळी ठेवलेली प्रतच कामी येते.

महागडा सर्व्हर घेण्याआधी त्याच्याकडे रोज पाहणारा माणूस नेमा. त्याला खर्च कमी लागतो आणि टेम्पो वेळेवर निघतो.