उंबरठाच उंच असेल तर

मूल संगणक शिकले की पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागेल, ही आशा आता आमच्या जंगलपट्ट्यातही घरोघर पोहोचली आहे. त्यात गैर काहीच नाही. गडचिरोली 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला; 2011 साली तिथे गोंडवाना विद्यापीठ आले आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना हक्काचे विद्यापीठ मिळाले. पण पुष्कळ मुले अडतात ती अभ्यासाच्याही आधी, प्रोग्राम लिहिण्याचे साधन संगणकावर इन्स्टॉल करतानाच.

म्हणजे काय, ते सांगतो. 'पायथन' ही 1991 साली जगापुढे आलेली संगणकाची भाषा. नवशिक्यांना सोपी म्हणतात, आणि ती आहेही. पण विंडोजवर ती घेताना पहिल्याच पडद्यावर तळाशी एक छोटा चौकोन असे. त्यात खूण करायची राहिली, तर पायथन संगणकावर येते खरी, पण हाक मारली की ओ देत नाही. ती खूण वर्षानुवर्षे आधीपासून केलेली नसे. चौकोनापुढचा 'पाथ' म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक तो नवशिका कसला?

मोबाइलची अॅप्स बनवायची तर गूगलचे 'अँड्रॉइड स्टुडिओ' आहे. फुकट आहे, पण त्याला किमान 8 जीबी रॅमचा संगणक लागतो. एक जीबीहून मोठी फाइल उतरवून हुश्श करावे, तर आत शिरल्यावर ते आणखी फाइली मागवू लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा भागात नेट मध्येच गेले तर नवल नाही. मग पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजीचे भारूड उमटते. 'नेट तुटले आहे, पुन्हा जोडा' एवढा साधा निरोप त्यातून हुडकून काढावा लागतो. कळस म्हणजे, हौसेने फोल्डरला मराठी नाव दिले, तर विंडोजवर इशारा मिळतो की त्या अक्षरांमुळे काम बहुधा फसेल. आपल्याच भाषेतले नाव ही जणू चूक!

कोणी म्हणेल, प्रोग्रामर व्हायचे तर एवढे झगडायलाच हवे. झगडावे की, पण तर्काशी, गणिताशी. लपलेल्या चौकोनाशी झगडून कोण शहाणा झाला? माझी हयात बँकेत गेली. शंभर खातेदार स्लिपच्या एकाच रकान्यात चुकू लागले, तर अडाणी खातेदारांना म्हणू नये, स्लिप बदलावी. शहरातल्या मुलाला अडचण सोडवायला शेजारचा दादा असतो. एटापल्लीची मुलगी एकटीच पडद्यापुढे बसते आणि 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून उठते. नुकसान होते ते इथे, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक महाविद्यालयाने, तालुक्याच्या वाचनालयाने ही साधने नेटशिवाय बसवता येतील अशा संपूर्ण फाइलींसह पेन ड्राइव्हवर ठेवावीत; सोबत मराठीत एक पानभर सूचना, कुठे खूण करायची त्या चित्रासह. पालकांनीही एवढे करावे: मूल वैतागून संगणक बंद करील तेव्हा त्याच्या बुद्धीला बोल लावू नये. साधन कसे बनवले आहे, हेही एकदा विचारावे.