मारुतीपुढचा नारळ आणि पगाराची स्लिप

२०२४ च्या विधानसभेला कन्हेरीच्या मारुतीपुढं नारळ फुटले. अजितदादांनी विकासावर मतं मागितली, युगेंद्र पवार बेरोजगारीवर बोलले. महायुती बहिणींना २१०० रुपये म्हणाली. आघाडी ३००० म्हणाली, वर बेरोजगारांना ४०००.

द्या की. पण कर कुणाकडनं घेणार, हे कुणीच सांगितलं नाही.

एमआयडीसीत ठेकेदाराकडं राबणाऱ्या पोराची स्लिप बघा. पगार १० हजारांवर गेला की वर्षाला २५०० व्यवसाय कर. लाखभर पगाराच्या साहेबालाही तेवढाच! हा कर राज्याचा, म्हणजे आमदारांच्याच हातातला.

मंडळी, दारात कुणीही आलं तर चहा पाजा, अन् दोनच गोष्टी विचारा : पोरगं कायम कधी होणार? आणि हा कर पगार बघून कधी लावणार?