पोळ्याच्या दिवशीची गैरहजेरी



२०२५ मध्ये पोळा २२ ऑगस्टला, शुक्रवारी आला. आपल्या शाळेला त्या दिवशी सुट्टी नसते. दरवर्षीप्रमाणे काही बाके रिकामी राहिली, हजेरीपटावर 'गैरहजर' असा शेरा पडला आणि कारण विचारल्यावर मुलांनी खाली मान घालून सांगितले, "घरी बैल होते, सर." यात मान खाली घालण्यासारखे काय आहे, हा माझा प्रश्न आहे. तो मुलांना नाही, आपणा मोठ्यांना आहे.

पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे काळी माती तीच, कापूस तोच आणि पोळाही तोच. आपल्या जिल्ह्यात गोंड बांधवांच्या घरीही तो होतो. शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास हे सर्वांना दिसते. मला मोठी वाटते ती आदल्या दिवशीची खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला मूल हळद-लोणी चोळते, तेव्हा कातडे कुठे राठ झाले आहे आणि कुठे हात लावताच बैल अंग चोरतो, हे त्याच्या हाताला कळते. हा पाठ आमच्याकडे नाही.

नांगरणी ट्रॅक्टर करतो. पण पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली की डवरणीला जोडीच लागते. तोंडाला मुसके बांधून दोन तासांमधून चालायचे, रोप न तुडवता बांधाशी वळायचे. धन्याच्या नुसत्या आवाजावर वळणारा बैल परक्या गड्याला अडून दाखवतो. आता तणनाशकामुळे हेही काम कमी होत चालले आहे. पशुगणनेनुसार देशात २०१२ मध्ये गाय-बैलांपैकी नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते, ते २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाखांवर आले. पालकांना मी दोष देत नाही. कडब्याचा खर्च आणि चारायला माणूस नसणे, हा हिशोब खरा आहे. मात्र घरची जोडी विकली गेली की त्या घरचे मूल दोन-चार दिवस वर्गात गप्प असते, हे आम्हा शिक्षकांना दिसते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' मी आजही आवडीने सांगतो. हीरा आणि मोती मालकाच्या सासुरवाडीहून दावे तोडून घरी परततात, तेव्हा काही मुले हसतात. ज्यांच्या गोठ्यात जोडी आहे ती हसत नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या धड्यात लामा येतो. अँडीज पर्वतातील हा ओझे वाहणारा प्राणी. ओझे जास्त झाले तर तो सरळ खाली बसतो! तेथील पशुपालक सणाला त्याच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे बांधतात. ते ऐकून एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे हा त्यांचा पोळाच की."

शाळेच्या मैदानावर बैल-सजावट स्पर्धा घ्यावी अशी एक सूचना आली आहे. मला ती पटत नाही. लाऊडस्पीकर आणि फटाक्यांनी बैल बुजतात, आणि विश्रांतीच्या दिवशी त्यांना गर्दीत कशाला उभे करायचे? लहान मुलांसाठी विदर्भातल्यासारखा लाकडी बैलांचा तान्हा पोळा अवश्य करू.

माझी विनंती वेगळी आहे. विश्वस्त मंडळाने पोळ्याला स्थानिक सुट्टी द्यावी. तोपर्यंत हजेरीपटावर त्या दिवशी 'पोळा' असे कारण लिहिले जावे व ती गैरहजेरी टक्केवारीत धरू नये. बदल्यात मुलाने एक पान लिहून आणावे: बैलांची नावे, किती दाती, कोणत्या बाजारातून आणले, जोडीत उजवा कोण व डावा कोण. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांनी मित्राच्या गोठ्यात जावे. आजी-आजोबांना विचारले तर घरी पूर्वी असलेल्या बैलांची नावे नक्की मिळतील.

हा विषय मी पुढील बैठकीत ठेवत आहे. पालकांनी आपले मत चिठ्ठीवर लिहून कार्यालयात द्यावे. विरोध असल्यास तोही लिहावा.

आपला,
मुख्याध्यापक