हाडातली प्रत्येक गाठ कापायची नसते, आणि एकही चोळायची नसते

पोरगा पडला म्हणून गुडघ्याचा एक्सरे काढला, रिपोर्टात ‘लायटिक लिजन’ असे दोन शब्द आले, की घरात रडारड सुरू होते. मग एक जण सांगतो, ताबडतोब ऑपरेशन करा. दुसरा सांगतो, आधी अमक्या गावच्या हाडवैद्याकडून चोळून घ्या. भंडारा जिल्ह्यात हे दोन्ही सल्ले सर्रास मिळतात. माझा दोन्हींना विरोध आहे.

‘लिजन’ म्हणजे कॅन्सर नव्हे. त्या जागी हाड नेहमीसारखे दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाढत्या वयाच्या मुलांत गुडघ्याजवळ दिसणारा ‘नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमा’ बहुधा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्सरेत सापडतो आणि वाढ पूर्ण होता होता हाड आपोआप भरून येते. त्याचे चित्र इतके ठरावीक असते की सहसा बायोप्सीही लागत नाही. ‘ऑस्टिओकॉन्ड्रोमा’ म्हणजे हाडाला फुटलेला हाडाचाच कोंब. दुखत नसेल, नस दाबत नसेल, तर राहू द्या. उंची वाढायची थांबली की तोही थांबतो. मोठेपणी पुन्हा वाढू किंवा दुखू लागला, तर मात्र लगेच दाखवा. “आज ना उद्या कॅन्सर होणारच” असे सांगून लोकांना घाबरवले जाते. एकट्या गाठीत ती शक्यता शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. (अंगात अनेक गाठी असतील तर हिशेब वेगळा.) एवढ्यासाठी शेत गहाण का ठेवायचे?

आता चोळण्याबद्दल. “हाडवैद्याने काकाचा हात बसवला होता,” हे मी नेहमी ऐकतो. मोडलेले हाड जुळणे हा हाडाचा स्वभावच आहे. गाठ चोळून विरघळत नाही, उलट पोखरलेले हाड दाबाने मोडते. ‘जायंट सेल ट्यूमर’ कॅन्सर नसूनही हाड खातो, तोही २० ते ४० या कमावत्या वयात आणि बहुतेक वेळा गुडघ्याजवळ. रोवणीत वाकून गुडघा दुखतो म्हणून महिनोन्महिने लेप लावला जातो. वेळेत आलात तर गाठ नीट खरवडून पोकळीत बोन सिमेंट भरता येते आणि स्वतःचा सांधा वाचतो. उशीर झाला की हाडाचे टोकच काढावे लागते. ही गाठ परतही येते, म्हणून पुढची काही वर्षे तपासणी चुकवू नका.

रात्री ठणकणारी आणि साध्या वेदनाशामक गोळीने चटकन थांबणारी कळ ‘ऑस्टिओइड ऑस्टिओमा’ची असू शकते. तिथे हल्ली सीटी स्कॅनवर बघत सुईने उष्णता देऊन गाठ जाळतात, मोठी चीर लागत नाही.

आणि आपल्या भागाची एक गोष्ट, जिचा विसर मला सगळ्यात जास्त खटकतो. नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिले होते. या आजारात रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरतो आणि एक्सरेत तो कधी कधी गाठीसारखा दिसतो. शिवाय सिकलसेलचा रुग्ण आहे हे माहीत नसताना भूल देणे धोक्याचे. प्राथमिक तपासणी आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. विदर्भात हाडाच्या गाठीचे ऑपरेशन ठरवताना ती झाली नसेल, तर कारण विचारा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

बायोप्सी लागलीच, तर जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्यानेच किंवा त्याच्या सल्ल्याने ती करावी. गाठ सार्कोमा निघाली आणि चीर भलत्या जागी दिलेली असली, तर वाचू शकणारा पायही गमवावा लागतो. नागपूर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर आहे, शासकीय मेडिकल आणि एम्स दोन्ही तिथे आहेत. सुई टोचण्याआधी तिथे दाखवा. जाताना जुन्या-नव्या सगळ्या एक्सरे फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.