कळमन्यात माल स्वस्त आहे, पण तुमचा ग्राहक कुठे आहे?



आंबिया बहाराच्या हंगामात नागपूरच्या कळमना मार्केटला गेलात, की गाड्यांच्या रांगा, संत्र्यांचे ढीग आणि लिलावाचा गलका दिसतो. ते बघून हमखास एक प्रश्न येतो, "सर, माल एवढा स्वस्त मिळतोय, ज्यूसचं युनिट टाकू का?"

माझं मत स्पष्ट आहे. तो ढीग पुरवठ्याचा आहे. तुमच्या बाटलीला मागणी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. "मार्केटमध्ये डिमांड आहे" एवढ्या एका वाक्यावर घरातली एफडी मोडू नका.

मागणी म्हणजे नेमकं काय? इच्छा, ऐपत आणि पैसे मोजायची तयारी, हे तिन्ही एकत्र आलं तरच मागणी. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक. तिथल्या सरकारनं २०१९ पासून आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवलं आणि आपली निर्यात घटली. तिथल्या माणसाची आवड बदलली नव्हती, भाव आवाक्याबाहेर गेला. तो माल इथेच राहिला की इथला दर पडतो. म्हणजे माल स्वस्त झाला तो मागणी अडल्यामुळे! आणि आपण त्यालाच संधी समजतो.

मार्केटिंगचे अभ्यासक फिलिप कोटलर यांनी १९७३ च्या एका लेखात मागणीच्या आठ अवस्था मांडल्या. नावं पाठ करून परीक्षा पास होता येते, धंदा चालत नाही. म्हणून आपल्या आजूबाजूची उदाहरणं बघू.

१. नकारात्मक मागणी: नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळानं कडवट लागतो. ज्यानं एकदा तशी बाटली चाखली, तो पुन्हा फुकटही घेणार नाही. इथे जाहिरात नको, आधी प्रक्रिया सुधारा.

२. शून्य मागणी: ज्याला संत्र्याच्या सालीचा उपयोगच माहीत नाही, त्याच्यासाठी ती कचरा. सालीची पावडर विकायची असेल तर आधी वापरून दाखवा.

३. सुप्त मागणी: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या ताईंना वर्षभराचं तिखट करायला ना गच्ची, ना वेळ. पाकिटातल्या तिखटावर भरवसाही नाही. डोळ्यांसमोर कुटून देणारा कुणी भेटला तर त्या पैसे मोजतील.

४. घटती मागणी: वर्षाचं धान्य पोत्यानं भरणारी घरं कमी होत चालली आहेत. तिथे पोत्याचाच हट्ट धरू नका, निवडलेल्या गव्हाची पाच किलोची पिशवी द्या.

५. अनियमित मागणी: सरबत उन्हाळ्यात खपतं, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. थंडीत काय विकणार, हे आधीच ठरवा.

६. पूर्ण मागणी: संत्रा बर्फी. नागपूरहून निघालेला पाहुणा डबा घेऊनच जातो. इथे चव आणि दर्जा टिकवणं हेच काम.

७. अतिरिक्त मागणी: दिवाळीत झेपतील त्याहून जास्त ऑर्डर येतात. सगळ्यांना हो म्हणाल तर सगळ्यांनाच उशीर होईल. नम्रपणे नाही म्हणायला शिका.

८. अहितकारक मागणी: खर्रा. आपल्याकडे ग्राहक शोधावा लागत नाही, ठेल्यावर स्वतः येतो. म्हणून तो धंदा करायचा का? माझं उत्तर नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, ती मागणी नव्हती म्हणून नव्हे.

आता मुद्द्याचं बोलू. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. योजना चांगली आहे. पण अनुदान मशीनचा खर्च कमी करतं, ग्राहक आणून देत नाही. उरलेलं कर्ज तुम्हालाच फेडायचं आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की मशीनचं कोटेशन घेण्याआधी थोडा माल बनवा. फूड सेफ्टीची नोंदणी करून घ्या आणि ओळखीच्या नसलेल्या वीस लोकांना पूर्ण किमतीत विका. नातेवाईक "छान आहे" म्हणतील, ते मोजू नका. वीसपैकी किती जणांनी महिन्याभरात पुन्हा मागितलं, तेवढंच वहीत लिहा. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारा. चव आवडली नाही, भाव परवडत नाही, की गरजच नाही? तीन उत्तरांवर तीन वेगळे उपाय आहेत.

कळमन्यात कच्चा माल उद्याही मिळेल. घाई तिथे नको. आधी पुन्हा येणारा ग्राहक शोधा, मग गाडी भरा.