अर्धवेळ शिक्षक हा अर्धा शिक्षक नव्हे
(एका माजी विद्यार्थ्याकडून)

या शाळेच्या बांकावरून उठून मला आतां तीस वर्षें होत आलीं. वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवा, असें संपादकांनीं कळविलें, तेव्हां लिहिण्याजोगें आपणाजवळ काय आहे याचा मी विचार करूं लागलों. मी अमेरिकेंत राहतों. दिवसां एका कारखान्यांत पोलादी नळ सांधण्याचें काम करतों, आणि आठवड्यांतून दोन सायंकाळीं एका कम्यूनिटी कॉलेजांत वेल्डिंग शिकवितों. विद्वानांच्या पंक्तींत मिरविण्यासारखें हें काम नाहीं, असें कोणास वाटेल. परंतु याच कामानें माझें एक मत बनविलें आहे, आणि तें विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें अशी इच्छा आहे.

प्रथम कम्यूनिटी कॉलेज म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक कॉलेजांत सर्वांत जुनें कॉलेज इलिनॉय राज्यांतील जोलिएट गांवीं १९०१ सालीं निघालें. पुढें अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या समितीनें १९४७ सालीं अशा कॉलेजांचा विस्तार करावा अशी शिफारस केली, आणि आज त्या देशांत तीं एक हजाराच्या आसपास आहेत. शिक्षण दोन वर्षांचें, फी मोठ्या विद्यापीठांच्या मानानें पुष्कळ कमी, आणि वयाची अडचण नाहीं. एकाच इमारतींत एका खोलींत इतिहास चालतो, दुसरींत रोग्यांची शुश्रूषा शिकवितात, आणि मागील अंगास आमच्या शाळेंतून ठिणग्या उडत असतात. या कॉलेजांतील निम्म्याहून अधिक शिक्षक माझ्यासारखे अर्धवेळ आहेत.

माझ्या वर्गांत नुकताच हायस्कूल सोडलेला अठरा वर्षांचा मुलगा असतो, खाणावळींत राबणारी दोन मुलांची आई असते, आणि कारखाना बंद पडल्यामुळें पन्नाशीनंतर पुन्हां विद्यार्थी झालेला गृहस्थहि असतो. तेथें शिष्य गुरूस नुसत्या नांवानें हांक मारतात. पहिल्या सत्रांत तें माझ्या कानांस टोंचत असे. आतां त्याची संवय झाली आहे.

वेल्डिंगचें तत्त्व सोपें आहे. विजेचा प्रवाह कांडींतून लोखंडाकडे उडी घेतो, त्या उडीची ज्वाळा होते, आणि तिच्या तापानें कांडी व लोखंड हीं दोन्हीं वितळून एकजीव होतात. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारें १,५४० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. ज्वाळेची उष्णता त्याच्या कितीतरी वर असते. कांडीचें टोंक लोखंडापासून सुमारें कांडीच्या जाडीइतकें दूर ठेवावें, कांडी जळून आंखूड होत जाईल तसतसा हात खालीं आणावा, आणि त्याच वेळीं तो एकसारखा पुढें न्यावा. एवढें फळ्यावर लिहिण्यास दोन मिनिटें पुरतात. हातांत उतरण्यास महिने लागतात. काम नीट चाललें आहे कीं नाहीं हें जाणता कारागीर कानांनींहि ओळखतो. अमेरिकन लोक त्या आवाजास तव्यावर मांस तळल्याची उपमा देतात. मला मात्र आईच्या फोडणीची आठवण होते.

आतां माझें मत सांगतों. असली कला ज्याचा हात अजून त्या कामांत आहे अशा माणसानें शिकवावी, हें योग्य आहे. उदाहरण घ्या. ७०१८ या जातीच्या कांड्या ओलसर हवेपासून जपाव्या, असें पुस्तकांत एका ओळींत लिहिलेलें असतें. मुलें ती ओळ पाठ करतात व विसरतात. परंतु ओलाव्यांतील हायड्रोजन पोलादांत शिरला, तर सायंकाळीं निर्दोष दिसलेला सांधा सकाळीं तडकलेला सांपडतो; आणि असा सांधा मीं स्वतः पाहिला आहे. ती हकीकत ऐकल्यावर वर्गांतील एकहि विद्यार्थी कांड्यांची पेटी उघडी टाकीत नाहीं.

सांधा हा किती जोखमीचा विषय आहे, याची साक्ष इतिहास देतो. १९४३ सालच्या जानेवारींत ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड येथें ‘स्कनेक्टडी’ नांवाचें नवें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत धक्क्याजवळ उभें असतां मोठा आवाज होऊन मधोमध फाटलें. युद्धाच्या घाईंत जहाजें रिव्हेटांऐवजीं वेल्डिंगनें सांधीत होते, आणि हें काम पूर्वीं कधींहि न केलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांस तें थोडक्या काळांत शिकवीत होते. त्यांच्या हातून जहाजें झालीं आणि युद्धांत उपयोगी पडलीं, हें विसरतां कामा नये. सारा दोष वेल्डरांचा नव्हता. थंडींत ठिसूळ होणारें पोलाद, रचनेंतील तीक्ष्ण कोपरे, आणि कांहीं ठिकाणचे कच्चे सांधे, या सर्वांचा तो परिणाम होता. शिवाय वेल्डिंगनें सारें जहाज एकसंध होतें. त्यामुळें एका ठिकाणीं निघालेल्या तड्यास वाटेंत अडविणारें कांहीं राहत नाहीं. म्हणून चांगला कारागीर आपल्या वाट्याच्या वीतभर सांध्याकडेहि साऱ्या जहाजाचा सांधा म्हणून पाहतो.

परंतु येथेंच थांबलों तर मी अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. ज्यास काम येतें त्यास शिकवितां येतेंच, हा भ्रम आहे. आणि तो माझा भ्रम एका विद्यार्थ्यास महाग पडला.

वर सांगितलेला पन्नाशीचा गृहस्थ माझ्या दुसऱ्या सत्रांतील होय. त्यानें एक सांधा मला आणून दाखविला. वरून तो फारच सुरेख होता. आमचा नियम असा कीं, सांध्यावरून आडवी पट्टी कापावी, ती यंत्रांत घालून घोड्याच्या नालासारखी वांकवावी, आणि ३ मिलिमीटरांहून मोठी भेग पडली तर सांधा नापास समजावा. त्या रात्रीं वर्ग संपत आला होता. पगार वर्गाच्या तासांपुरताच मिळे, आणि सकाळीं सहाला कारखान्यांत हजर व्हावयाचें होतें. मीं सांधा हातांत घेऊन पाहिला आणि म्हटलें, “उत्तम आहे, तुम्ही परीक्षेस बसा.”

तो एका कंपनींत परीक्षेस गेला. तेथें पट्टी वांकवितांच सांधा मुळाशीं उघडला. आंतील लोखंड एकजीव झालेलेंच नव्हतें. नोकरी गेली. दुसऱ्या आठवड्यांत त्यानें ती मोडकी पट्टी माझ्या मेजावर ठेविली आणि शांतपणें म्हटलें, “आंतलें तुम्हांला दिसलें नाहीं, हें मी समजतों. पण तुम्हीं मोडून कां पाहिलें नाहीं?”

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. पुढील सत्रांत तो पुन्हां माझ्याच वर्गांत बसला व अखेर परीक्षेंत उतरला. मधले चार महिने त्याचें घर कसें चाललें, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तेव्हांपासून माझ्या वर्गांतील कोणताहि सांधा मोडून पाहिल्यावांचून मी चांगला म्हणत नाहीं. मुलाच्या तोंडावर गोड बोलून त्यास जगापुढें उघडें पाडणें, ही शिक्षकाची दया नव्हे. तो त्याचा आळस होय.

दोष माझा होता, हें मी मान्य करतों. तथापि ज्या व्यवस्थेंत असा दोष सहज घडतो, तिच्याविषयींहि बोललें पाहिजे. अर्धवेळ शिक्षकास बहुधा वर्गाच्या तासांपुरतें वेतन मिळतें. तयारीचा, परीक्षेचा, विद्यार्थ्याशीं बोलण्याचा वेळ हिशेबांत धरला जात नाहीं. विद्यार्थी कमी भरले तर वर्गच बंद होतो, आणि शिक्षकास तें सत्राच्या तोंडावर कळतें. कित्येक सज्जन म्हणतात कीं, म्हणूनच अर्धवेळ शिक्षक नकोत, सर्व पूर्णवेळच नेमावे. मला हें पटत नाहीं. दहा वर्षें कारखाना न पाहिलेला शिक्षक दहा वर्षांपूर्वींचेंच काम शिकवील. उपाय असा कीं, कारागिरास बोलवावें, परंतु शिकवावें कसें हें प्रथम त्यास शिकवावें, आणि त्याच्या पूर्ण श्रमाचें मोल त्यास द्यावें. वेळ अर्धा असला तरी जबाबदारी अर्धी नसते; मग मान तरी अर्धा कां असावा?

हें सारें तुम्हांस कां सांगतों? आपल्याकडे लोहाराचें ज्ञान पिढ्यान् पिढ्या लोहाराच्या घरांतच कोंडून राहिलें. आणि ज्यांच्या घरीं पुस्तकें होतीं त्यांनीं भात्यास हात लाविला नाहीं. त्यामुळें हात एकीकडे व अक्षर एकीकडे अशी फारकत झाली, आणि दोघांचेंहि नुकसान झालें. ती भिंत पाडण्याचे यत्न येथेंहि झाले आहेत. सरकारनें १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, आणि तिच्याच आय. टी. आय. संस्थांत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. परंतु नुसत्या इमारतींनीं भिंत पडत नाहीं. माझ्या वडिलांस मी वेल्डिंग करतों हें कळलें, तेव्हां तें त्यांनीं शेजाऱ्यांस पुष्कळ दिवस सांगितलें नव्हतें.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलाचा ओढा हातकामाकडे असेल तर तो लपविण्याचा विषय करूं नये. मात्र तेथें शिकविणारा कोण आहे, त्याचा हात कामांत आहे काय, आणि तो मुलाचें काम तपासून पाहतो काय, याची चौकशी अवश्य करावी. शाळाचालकांस सुचवावेंसें वाटतें कीं, गांवांत खिडक्यांच्या जाळ्या व दरवाजे करणारे कुशल कारागीर आहेत. त्यांतील एखाद्यास आठवड्यांतून एक सायंकाळ सन्मानानें व वेतन देऊन बोलवावें, आणि मुलांच्या डोळ्यांवर योग्य कांचेचा मुखवटा असल्यावांचून एकहि ठिणगी पाडूं देऊं नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचा निबंध असो, गणित असो कीं लोखंडाचा सांधा असो, “छान आहे” एवढें ऐकून घरीं जाऊं नका. “गुरुजी, हें मोडून पाहा,” असें म्हणण्याची संवय लावून घ्या. जो शिक्षक तें मोडून पाहील, कां मोडलें हें समजावून सांगेल, आणि पुन्हां करावयास बसवील, तो आठवड्यांतून दोनच सायंकाळीं येत असला तरी त्यास पूर्ण गुरु समजा.