फोटो आपले, मग घर दुसऱ्याचं का?

फुकट मिळालेल्या जागेवर शहाणा माणूस घर बांधत नाही. आपण मात्र आयुष्यभराचे फोटो तिथेच ठेवतो आणि वर सांगतो, "क्लाउडवर सेफ आहेत." क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. जागा त्याची, नियम त्याचे, आणि नियम बदलायची वेळही त्याचीच.

इतिहास पाहा. ऑर्कुट २०१४ साली बंद झालं. पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं. फोटोबकेटने २०१७ साली दुसऱ्या वेबसाइटवर फोटो दाखवायचे तर वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि असंख्य पानांवरचे फोटो गायब झाले. फ्लिकरने २०१८ मध्ये फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. ते दुकानदार आहेत, दुकानाच्या हिशोबाने वागले. आपण दुकानाला तिजोरी समजलो.

माजी सैनिकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर याहून वाईट. १९७१ च्या लढाईतल्या एखाद्या आजोबांचा एकुलता एक फोटो तिथे येतो, पाठवताना आक्रसतो, मूळ तारीख गळते, आणि 'सुप्रभात'च्या ढिगाखाली गाडला जातो. ज्याच्या फोनमध्ये मूळ प्रत होती तो फोन बिघडला की विषय संपला. वीरपत्नीला पतीचा नीट फोटो हवा असेल तर तिने कुणाकुणाकडे मागत फिरायचं?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : आपली फोटोंची वेबसाइट आपल्या मशीनवर असावी. मी कोलकात्यात पोस्टिंगवर आहे. इथल्या चांदनी मार्केटमध्ये वापरलेला छोटा कॉम्प्युटर सहज मिळतो. त्यावर लिनक्स टाका, मग पिविगो किंवा लायची. दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोत, आणि पिविगो तर २००२ पासून चालू आहे. १५ वॅट खाणारं मशीन दिवसरात्र चाललं तरी महिन्याला ११ युनिटच्या आत भागतं. कालबैशाखीत वीज जाते, म्हणून छोटा यूपीएस लावायचा. बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो. तो विकत घ्यावा लागतो, नाहीतर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने आत यावं लागतं. मला व्हीपीएनच पसंत. दार रस्त्यावर उघडण्यापेक्षा ज्याच्याकडे किल्ली त्यालाच वाट.

आता मोठा आक्षेप : "फौजी माणसाने हे करावंच कशाला?" आक्षेप रास्त आहे. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम होतं. २०१८ साली स्ट्राव्हाच्या नकाशावर जवानांच्या धावण्याच्या रेषांनी परदेशातले लष्करी तळ उघडे पाडले, हेही जगाने पाहिलं. तेव्हा नियम साधा : गणवेशातला, युनिटचा, हत्याराचा, चौकीचा फोटो स्वतःच्या सर्व्हरवरही चढवायचा नाही. सर्व्हर कुणाचा हे आदेश विचारत नाही. बाकी राहतं ते घर : मुलीचं बारसं, आईची पंढरीची वारी, गावची जत्रा. त्या फोटोंतलंही जीपीएसचं ठिकाण आधी पुसायचं आणि अनोळखी माणसाला खातं उघडू द्यायचं नाही. माजी सैनिकांच्या जुन्या फोटोंना हीच चाळणी. घर सांभाळायचं म्हणजे दाराला कडीही लावायची.

दुसरा आक्षेप : घरचं मशीन जळलं तर? याचं उत्तर कोलकात्यातच आहे. बोर्न अँड शेफर्ड हा जगातल्या सर्वांत जुन्या फोटो स्टुडिओंपैकी एक. १९९१ च्या आगीत त्याच्या जुन्या निगेटिव्हचा मोठा साठा गेला, २०१६ साली स्टुडिओही बंद झाला. मालकी स्वतःची असून भागत नाही, दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी लागते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक डिस्क कोलकात्यात, एक साताऱ्यात. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून फोटो परत काढून पाहायचे. फायर ड्रिल कागदावर करून आग विझत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो : "तुझी बदली झाली, तुला काही झालं, तर पासवर्ड कुणाकडे?" एकट्याच्या डोक्यात चालणारा सर्व्हर हाही दुसऱ्याच्या क्लाउडइतकाच बेभरवशाचा. संत्री एकटा असला तरी त्याची बदली करणारा ठरलेला असतो. इथेही दुसरा माणूस तयार हवा, आणि पासवर्ड बंद पाकिटात घरच्यांकडे.

म्हणूनच हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेने करावं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांची आठवण दगडात कोरून ठेवली आहे, गावातच, गावाच्या मालकीची. त्या दगडाला कुणी मासिक भाडं मागत नाही. फोटोंसाठी तेवढंच मागतोय मी : आपली जागा, आपली किल्ली, आणि पहाऱ्याला दोन माणसं. संघटनेच्या पुढच्या बैठकीत हार-तुऱ्यांच्या आधी हा विषय घ्या. ऐंशी ओलांडलेल्या सुभेदारसाहेबांकडचे अल्बम अजून घरात आहेत, तोवर हात हलवा.

जय हिंद.